गाव सुटलं तरी आहार सुटू नये: परगावी आलेल्या गरोदर बायका आणि लहान लेकरांसाठी अंगणवाडीची वाट

अंगणवाडीचा आहार घ्यायला रेशनकार्ड लागत नाही, दारिद्र्यरेषेचा दाखला लागत नाही, आणि तुम्ही मूळच्या कुठल्या जिल्ह्याच्या हेही कोणी विचारायचं कारण नाही. हे सुरुवातीलाच सांगते, कारण शहरात नवीन आलेल्या बायका नेमक्या याच कागदांमागे धावत राहतात आणि तोवर लेकरू वर्षाचं होऊन जातं.

मी मराठवाड्यातून पिंपरी-चिंचवडला आले ती पोटुशी असतानाच. नाव गावच्या रजिस्टरला, राहायला इथे, त्यामुळे दोन्हीकडून हातात काही येत नव्हतं. पुढे शेजारणींची, मग साइटवरच्या बिऱ्हाडांची नावं लावून देता देता ही वाट पाठ झाली. ज्या बाईला वाचता येत नाही तिला कोणी वाचून दाखवावं म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

एक गोष्ट आधी पक्की करा. कायद्यात आहार बाईला आणि बाळाला आहे, पण प्रत्यक्षात तो रजिस्टरातल्या नावाला मिळतो. बाई गावाहून शहरात आली, सासरहून माहेरी गेली, बाळ सहा महिन्यांचं झालं, तीन वर्षांचं झालं, की दर वेळी नाव एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात जावं लागतं. ते तिथेच गळतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या नाव गळू न देण्याच्या आहेत.

१. तुमच्या वाट्याला काय आहे ते समजून घ्या

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ सालचा. त्याच्या कलम ४ नुसार प्रत्येक गरोदर बाईला, आणि बाळंतपणानंतर सहा महिने आईला, अंगणवाडीतून मोफत आहार आहे. कलम ५ नुसार सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक बालकाला. आईच्या आहाराला उत्पन्नाची अट नाही. कितवं मूल, मुलगा की मुलगी, आईचं वय किती, यातलं काहीही या आहाराच्या आड येत नाही. तिसऱ्या खेपेची बाई असो की सतरा वर्षांची पोर, नाव घ्यावंच लागतं.

गरोदर बाई, स्तनदा माता आणि सहा महिने ते तीन वर्षांचं बाळ यांना आहार घरी न्यायला मिळतो. त्याला सगळे टीएचआर म्हणतात. कधी तो कोरडा शिधा असतो, म्हणजे डाळ, चणे, गहू, तिखट-मीठ-हळद, तर कधी पाकिटातलं तयार पीठ. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना मात्र घरी काही मिळत नाही. त्यांना अंगणवाडीत बसून नाश्ता आणि गरम जेवण. वर्षातले ३०० दिवस हे चालायला हवं.

आता खरं सांगायचं तर हा आहार पोटभर नाही, जोडीला आहे. नावातच 'पूरक' आहे. २०१७ साली केंद्राने दर ठरवला तो बालकामागे दिवसाला ८ रुपये, गरोदर आणि स्तनदा बाईमागे साडेनऊ, तीव्र कुपोषित बालकामागे १२. आठ रुपयांत काय येतं ते तुम्हाला किराणावाला सांगेल. २०२५ च्या अर्थसंकल्पात हे दर वाढवायची घोषणा झाली. तरीही घ्याच, कारण आहारासोबत वजन-उंचीची नोंद, लसीकरणाची आठवण आणि पुढच्या योजनांचा रस्ता याच दारातून जातो.

२. पिशवी तयार ठेवा

प्लास्टिकची एक चेनची पिशवी घ्या आणि त्यात हे कागद कायम ठेवा. पाण्याने, उंदराने आणि घर बदलताना कागद जातात ते असे वेगवेगळ्या ठिकाणी ठेवल्यामुळेच.

- आईचं आधार कार्ड आणि दोन झेरॉक्स.
- माता व बाल संरक्षण कार्ड. हे सरकारी दवाखान्यात पहिल्या तपासणीला मिळतं. त्यावर आरसीएच नंबर, म्हणजे तुमच्या गरोदरपणाच्या सरकारी नोंदीचा नंबर, लिहून घ्या. जागा कोरी असेल तर नर्सताईंना आवर्जून सांगा. शेवटच्या पाळीची तारीखही त्यावर हवीच.
- आईच्या एकटीच्या नावाचं बँक किंवा पोस्टाचं पासबुक. नवऱ्यासोबतचं जोडखातं चालत नाही.
- बाळाचा जन्मदाखला. २१ दिवसांच्या आत नोंद झाली तर ती मोफत असते.
- रेशनकार्ड, ई-श्रम कार्ड, रोजगार हमीचं जॉबकार्ड, जातीचा दाखला, यातलं जे असेल ते. आहारासाठी नको, मातृवंदना योजनेच्या पैशांसाठी लागतं (ते पायरी ६ मध्ये).

बाळाचं आधार नाही म्हणून आहार नाकारला, असं अजूनही ऐकू येतं. बाळाचं आधार नसेल तर आईच्या आधारवर नोंद होते. शांतपणे सांगा, वाद घालू नका, पण मागे हटू नका.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला, नाव. आधारवर माहेरचं आडनाव, पासबुकावर सासरचं, दवाखान्याच्या कार्डावर नुसतं पहिलं नाव. माणसाला कळतं की बाई एकच, पण पोर्टलला कळत नाही. सगळीकडे आधारसारखंच नाव लिहायला सांगा, नाहीतर आधी आधार बदला आणि मग बाकीचं. दुसरा खड्डा मोबाइल नंबरचा. आधारला जोडलेला नंबर बंद पडलेला असतो, किंवा तो नवऱ्याच्या फोनमध्ये असतो आणि नवरा सकाळी कामावर गेलेला असतो. अंगणवाडीत ओटीपी लागतो तो त्याच वेळी. आधार केंद्रावर जाऊन चालू नंबर जोडा. माझ्या मते बाकी सगळं सोडून हे काम आधी करावं.

३. तुमची अंगणवाडी शोधा

गावात अंगणवाडी कुठे आहे हे शेंबडं पोरही सांगतं. शहरात ती भाड्याच्या एका खोलीत, समाजमंदिरात किंवा देवळामागच्या पडवीत असते आणि बऱ्याचदा पाटीही नसते. सकाळी दहा-अकराच्या सुमारास छोटी मुलं डबा घेऊन कुठून बाहेर पडतात ते बघा. नाहीतर महापालिकेच्या दवाखान्यात लसीकरणाच्या दिवशी जा. आशाताई तिथे असतातच, आणि आपल्या भागातल्या अंगणवाडीचा क्रमांक त्यांना माहीत असतो.

प्रत्येक अंगणवाडीला सर्वेक्षणाची हद्द ठरवून दिलेली असते. म्हणून "तुम्ही आमच्यात येत नाही" हे उत्तर दोन-तीन ठिकाणी मिळू शकतं. कधी ते खरंही असतं. अशा वेळी एकच प्रश्न विचारा: "मग आम्ही कोणाच्यात येतो?" उत्तर मिळालं नाही तर मुख्यसेविकेचा नंबर मागा. वीस-पंचवीस अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या त्या बाई असतात आणि हद्दीचा नकाशा त्यांच्याकडे असतो.

काही वस्त्या खरोखरच कोणाच्यात येत नाहीत. नवीन टाउनशिपच्या मागची पत्र्याची लेबर कॅम्प, नदीकाठची पालं, वीटभट्टी, साखर कारखान्याच्या मोकळ्या जागेवरच्या कोप्या. सर्वेक्षण झालं तेव्हा तिथे माळरान होतं. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचा १३ डिसेंबर २००६ चा आदेश कामाला येतो: ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे लोकांनी मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी सुरू करायची. मुलांची नावं, वयं, पालकांच्या सह्या किंवा अंगठे असा एक तक्ता करा आणि बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे द्या. वस्ती दोन-चार महिन्यांची असेल तर नवी अंगणवाडी येईपर्यंत तुम्ही निघून गेलेले असाल. म्हणून त्याच अर्जात 'तोपर्यंत जवळच्या अंगणवाडीतून आहार द्यावा' हे वाक्य घाला. प्रत्यक्षात तेवढंच पदरात पडतं, आणि ते पुरेसं असतं.

बांधकामावर ५० पेक्षा जास्त बायका कामाला असतील तर तिथे पाळणाघराची खोली देणं १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने मालकावर बंधनकारक होतं; नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. मी फार थोड्या ठिकाणी पाहिली. ठेकेदाराला विचारताना एकटीने विचारू नका.

४. नाव लावा, किंवा गावाहून हलवून आणा

मार्च २०२१ पासून अंगणवाडीतली नोंद 'पोषण ट्रॅकर' या ॲपवर होते. तुमची आधी कुठेच नोंद नसेल तर सोपं आहे. आधार, कार्ड, मोबाइल दिला की अंगणवाडीताई नाव चढवतात.

गावाकडे नाव आधीच चढलेलं असेल तर मात्र त्याच आधारवर दुसरी नोंद होत नाही. इथेच बहुतेकींचं घोडं अडतं. इथल्या ताई म्हणतात "गावाहून काढून आणा", गावच्या ताई म्हणतात "तिकडेच सांगा". उपाय असा: स्थलांतराची सोय ॲपमध्येच आहे, राज्यातल्या राज्यात आणि राज्याबाहेरही. गावच्या ताईंनी तुमचं स्थलांतर दाखवायचं, इथल्या ताईंनी नाव घ्यायचं. दोघींचं फोनवर बोलणं करून दिलं की काम तिथल्या तिथे होतं. म्हणून गाव सोडायच्या आधी तिथल्या अंगणवाडीताईंचा फोन नंबर आणि अंगणवाडीचा क्रमांक कार्डाच्या मागे लिहून घ्या. दिवाळी करून निघणाऱ्या घरांनी दसऱ्यालाच हे उरकावं. राज्याच्या महिला व बालविकास खात्याची 'महाराष्ट्र मायग्रेशन ट्रॅकिंग सिस्टीम' अशी वेगळी यंत्रणाही आहे, ती याच कामासाठी. "एमटीएसमध्ये नोंद करा" एवढं म्हटलं तरी ताईंना कळतं.

१ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहारासाठी चेहऱ्याची ओळख सक्तीची झाली आहे. आधी ओटीपीने ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, मग फोटो, आणि पुढे दर वाटपाला फोनसमोर उभं राहून चेहरा जुळवणं. त्यामुळे सासूबाईंना किंवा मोठ्या पोरीला पाठवून शिधा आणायची जुनी पद्धत चालत नाही. बाळाच्या आहारासाठी ज्या पालकाचा चेहरा नोंदवला असेल त्यालाच जावं लागतं. तुम्ही रोज धुण्याभांड्याच्या कामाला जात असाल तर नोंदणीच्या वेळीच विचार करा की वाटपाच्या दिवशी घरी कोण असतं. नेटवर्क गेलं, चेहरा जुळला नाही, तर त्याच दिवशी परत प्रयत्न करायला सांगा. या सगळ्यात अंगणवाडीताईंवर राग काढू नका. तुटपुंज्या मानधनावर, मधूनच बंद पडणाऱ्या फोनवर त्या हे करतात. मानधन आणि इतर मागण्यांसाठी डिसेंबर २०२३ पासून त्यांना राज्यभर लांबलचक संप करावा लागला होता.

५. शिधा घेताना

पाकीट फुटलेलं, कीड लागलेलं किंवा तारीख उलटलेलं असेल तर तिथेच दाखवा आणि फोटो काढा. किती दिवसांचा शिधा आहे ते विचारा आणि सही किंवा अंगठा तेवढ्याच दिवसांपुढे करा. दोन महिन्यांच्या रकान्यात अंगठा आणि हातात एका महिन्याचं पाकीट, असं होऊ देऊ नका.

डाळ-गहू घरात आला की तो सगळ्यांच्या डब्यात जातो. पाच माणसांच्या घरात गरोदर बाईने वेगळं शिजवून एकटीने खावं, असं सांगणाऱ्याने एकदा आमच्या वस्तीत राहून बघावं. तरी एवढं करता येतं: बाळाच्या वाट्याचं पीठ वेगळ्या बरणीत काढून ठेवायचं आणि सकाळी कामावर जाण्यापूर्वी त्याची पेज करून तूप किंवा तेल घालून त्याला भरवायची.

६. मातृवंदनेचे पैसे

प्रधानमंत्री मातृवंदना योजना ही आहाराहून वेगळी आहे, आणि इथे अटी आहेत. पहिल्या जिवंत मुलासाठी ५,००० रुपये, दोन हप्त्यांत: गरोदरपणाची नोंद आणि शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांत किमान एक तपासणी झाली की ३,०००, बाळाच्या जन्माची नोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी झाल्या की २,०००. १ एप्रिल २०२२ पासून दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तर ६,००० एकरकमी.

दुसरा मुलगा झाला तर काही नाही. तिसऱ्याला काही नाही. बाईचं वय १८ वर्षं ७ महिन्यांहून कमी असेल तरी नाही. म्हणजे ज्या पोरीचं लग्न लवकर झालं, जिच्या अंगात रक्त सगळ्यात कमी, तीच बाहेर. दुसरीकडे अन्नसुरक्षा कायदा म्हणतो की कायम सरकारी नोकरीतल्या किंवा दुसऱ्या कायद्याने असाच लाभ मिळणाऱ्या बायका सोडल्या तर प्रत्येक गरोदर बाईला किमान ६,००० रुपयांचा मातृत्व लाभ द्यावा. या दोहोंत जी फट आहे ती तुमच्या-माझ्या अर्जाने बुजणार नाही, पण ती आहे हे माहीत असावं. नाहीतर बाई उगाच स्वतःच्या कागदांत चूक शोधत बसते.

पात्रतेसाठी यातला एखादा कागद पुरतो: दारिद्र्यरेषेचं रेशनकार्ड, ई-श्रम, जॉबकार्ड, आयुष्मान कार्ड, अनुसूचित जाती-जमातीचा दाखला, ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचा दाखला, किंवा आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला. शहरात नवीन असाल तर ई-श्रम सगळ्यात सोपं. नवऱ्याचं आधार आता सक्तीचं नाही, त्यामुळे टाकलेल्या बाईलाही अर्ज करता येतो. आशाताई किंवा अंगणवाडीताई अर्ज भरून देतात.

मुदत सांभाळा. पहिल्या मुलासाठी शेवटच्या पाळीपासून ५७० दिवस, दुसऱ्या मुलीसाठी जन्मापासून २७० दिवस. त्यानंतर पोर्टल अर्जच घेत नाही. गर्भपात झाला किंवा मूल मृत जन्मलं तर पुढच्या खेपेला नव्याने अर्ज करता येतो. हे फार जणींना माहीत नसतं आणि त्या दुःखात कोणी विचारतही नाही.

पैसे आले नाहीत अशी जी तक्रार असते, तिच्यात बऱ्याचदा पैसे आलेले असतात, पण दुसऱ्याच खात्यात. सरकारी पैसे पासबुक दिलेल्या खात्यात जात नाहीत, आधारला शेवटचं जोडलेलं खातं असेल त्यात जातात. लाडक्या बहिणीचे पंधराशे ज्या खात्यात पडतात तेच खातं आधी तपासा. तिथेही नसेल तर बँकेत जाऊन "आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते बघून द्या" असं विचारा. चौकशीसाठी १४४०८ हा टोल फ्री नंबर आहे.

जाता जाता: नवरा किंवा तुम्ही राज्याच्या बांधकाम कामगार मंडळाकडे नोंदवलेले असाल तर पहिल्या दोन बाळंतपणांना नैसर्गिक प्रसूतीला १५,००० आणि शस्त्रक्रियेला २०,००० रुपये मिळतात. मातृवंदनेपेक्षा ही रक्कम मोठी आहे, पण आधी नोंदणी लागते आणि तिला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला. पोट दिसायला लागल्यावर नाही, शहरात आल्या आल्या ती करून घ्या.

७. नाव गळायच्या नेहमीच्या जागा

माहेर. पहिलं बाळंतपण माहेरी, सातव्या महिन्यात बाई जाते आणि बाळ तीन-चार महिन्यांचं झाल्यावर येते. आईला आहाराची सगळ्यात जास्त गरज असते ती नेमकी याच काळात, आणि नाव राहतं सासरी. माहेरच्या अंगणवाडीत पाहुणी म्हणून नाही, हक्काने नाव लावा. ओटीभरण झालं की दुसऱ्याच दिवशी फोन करा.

सहावा महिना. त्या दिवशी आईचं नाव निघतं आणि बाळाचं चढायला हवं. निघतं ते आपोआप, चढत नाही. बाळ पाच महिन्यांचं झालं की जन्मदाखला घेऊन जा.

तिसरा वाढदिवस. घरचा शिधा बंद, आता मुलाने अंगणवाडीत जाऊन जेवायचं. आई सकाळी सातला कामावर, अंगणवाडी दहाला उघडते, दुपारी बंद होते, पोराला न्यायचं-आणायचं कोणी? माझ्या ओळखीच्या बहुतेक घरांत मूल तीन वर्षांचं झालं की आहार संपतो, आणि कागदावर ते मूल रोज हजर असतं की नसतं हे बघायलाही कोणी जात नाही. चार-पाच घरांनी मिळून एका आजीला थोडे पैसे देऊन मुलांची ने-आण करवणं, हा एकच उपाय मी टिकलेला पाहिला आहे.

ऊसतोड. बीड, जालना, अहिल्यानगरकडची बिऱ्हाडं दिवाळीनंतर उठतात ती पाडव्याच्या आसपास परततात. टोळीचा मुक्काम फडाप्रमाणे हलतो, म्हणून मुकादमाकडून आधी कारखान्याचं आणि गावाचं नाव घ्या. पट्टा कर्नाटकात पडला, म्हणजे बेळगाव-बागलकोटकडे, तर लक्षात ठेवा की तिथे २०१७ पासून 'मातृपूर्ण' योजनेत गरोदर आणि स्तनदा बायकांना गरम जेवण अंगणवाडीतच बसून खावं लागतं. पहाटे चारला फडात उतरणाऱ्या बाईला ते जमत नाही. निदान बाळाचा घरी न्यायचा आहार तरी लावून घ्या.

आदिवासी भागातल्या बायकांचं नुकसान दुहेरी. १६ जिल्ह्यांतल्या आदिवासी क्षेत्रात अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून शेवटच्या तिमाहीपासून बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत एक वेळचं चौरस जेवण मिळतं, लहान मुलांना अंडी-केळी. नंदुरबार किंवा पालघरच्या पाड्यावरून ठाण्या-नाशिकला कामाला आलं की हे सुटतं, कारण ते क्षेत्राला बांधलेलं आहे. सातव्या महिन्यानंतर परत जाणं शक्य असेल तर हिशोब करून बघा. मजुरी बुडते, पण जेवण आणि दवाखाना दोन्ही जवळ असतात.

८. वजन-उंची मोजूनच घ्या

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी आणि २५.६ टक्के उंचीच्या मानाने हडकुळी निघाली. दर महिन्याला वजन आणि उंची दोन्ही घ्यायला सांगा. नुसत्या वजनावरून हडकुळेपणा कळत नाही. दंडाला लावायची पट्टी असते. सहा महिन्यांवरच्या बाळाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आला तर ते तीव्र कुपोषित, बोलीत 'सॅम'. साडेअकरा ते साडेबारा म्हणजे मध्यम कुपोषित, 'मॅम'. सॅम बालकाला जास्तीचा आहार आहे, आणि गावात ग्राम बाल विकास केंद्र, शहरात नागरी बाल विकास केंद्र. सोबत ताप, सूज किंवा भूकच नाही असं असेल तर थेट पोषण पुनर्वसन केंद्रात भरती. तिथे साधारण दोन आठवडे राहावं लागतं. आईच्या बुडीत मजुरीचे पैसे मिळतात का, हे भरती होतानाच विचारा.

९. रेशनमधलं नाव

लग्न झालं की पोरीचं नाव माहेरच्या कार्डातून कमी होतं, सासरच्या कार्डात चढत नाही, आणि बाळाचं तर कुठेच नसतं. तिघांच्या घरात धान्य एकाचं. तहसील किंवा शिधावाटप कार्यालयात नाव कमी केल्याचा दाखला आणि जन्मदाखला देऊन नावं वाढवा. "इष्टांक शिल्लक नाही" असं उत्तर येईल. ते खोटं नसतं: राज्याला ७ कोटी १६ हजार माणसांची मर्यादा आहे आणि ती २०११ च्या जनगणनेवर ठरली आहे. तरी अर्ज देऊन पोच घ्या, जागा निघाली की अर्ज असलेल्यांचंच नाव लागतं. गावचं कार्ड चालू असेल तर धान्य शहरातल्या कुठल्याही रास्त भाव दुकानात अंगठा लावून घेता येतं; त्यासाठी कार्ड बदलायची गरज नाही.

१०. तोंडी सांगून होत नसेल तर लेखी द्या

क्रम असा: मुख्यसेविका, मग बाल विकास प्रकल्प अधिकारी, मग जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि त्यांच्यावर महाराष्ट्र राज्य अन्न आयोग. 'आपले सरकार' पोर्टलवरही तक्रार टाकता येते. बहुतेक कामं दुसऱ्या पायरीवरच होतात, अर्ज लेखी असला तर. नमुना देते, हाताने लिहिला तरी चालतो:

> प्रति, बाल विकास प्रकल्प अधिकारी, एकात्मिक बाल विकास सेवा योजना, (प्रकल्पाचे नाव)
>
> विषय: पूरक पोषण आहारासाठी नाव नोंदवण्याबाबत
>
> मी (नाव) सध्या (पत्ता) येथे (महिना, वर्ष) पासून राहते. मी गरोदर आहे / माझे बाळ (वय) महिन्यांचे आहे. अंगणवाडी क्र. (…) येथे दि. (…) रोजी नाव नोंदवण्याची विनंती केली. अद्याप आहार सुरू झालेला नाही. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३, कलम ४ व ५ नुसार आहार सुरू करावा. शक्य नसल्यास कारण लेखी कळवावे आणि कलम ८ नुसार अन्नसुरक्षा भत्त्याबाबतचा निर्णय कळवावा.
>
> सोबत: माता व बाल संरक्षण कार्डाची प्रत
>
> (सही किंवा अंगठा, मोबाइल नंबर)

कलम ८ म्हणजे आहार दिला नाही तर त्याबदल्यात भत्ता. तो हातात पडलेली बाई मला अजून भेटलेली नाही, पण अर्जात ते वाक्य असलं की कागद टेबलावर पडून राहत नाही. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारीख घ्या. "ठेवून जा, बघतो" म्हणाले तर "पोच द्या, मग जाते" म्हणा आणि तिथेच बसा.

अर्ज दिला म्हणून अंगणवाडीत जाणं थांबवू नका. दर महिन्याच्या वाटपाला जा आणि आहार मिळाला नाही की ती तारीख अर्जाच्या तुमच्या प्रतीमागे लिहून ठेवा. वरच्या पायरीवर जायची वेळ आली तर किती महिने बुडाले याचा हिशोब त्या तारखांवरूनच मांडता येतो.